धुतलेलं ड्रॉइंग

दुसऱ्यानं विश्वासानं हातात दिलेली, कुठंही न मिळणारी वस्तू तुमच्यामुळं नाहीशी झाली, तर तुम्ही काय कराल? माफी मागाल? मीही मागितली. पाच-सहा वेळा मागितली. त्यानं मला बरं वाटलं, दुसऱ्या कुणाला वाटलं नाही.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणतो, पॅटर्न बनवतात. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी ती लाकडात घडवावी लागते. ते लाकूड वाळूत दाबून काढून घेतलं की मागं पोकळी उरते, आणि त्या पोकळीत वितळलेलं लोखंड ओततात. ते लाकूड म्हणजे पॅटर्न. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आबांची पत्र्याची शेड होती. आत एक बाक, पटाश्या, रंधे, कानशी, आणि मागच्या भिंतीला एक लांब फळी. फळीवर गिऱ्हाइकांनी आणून दिलेली सॅम्पलं असायची. फुटलेला पंप, झिजलेली पुली, उसाच्या चरकाचं दात तुटलेलं चाक. प्रत्येकावर खडूनं नंबर.

उद्यमनगरात ड्रॉइंग कुणी मागत नसे. 'ड्रॉइंग कशाला, सॅम्पल आण,' ही तिथली रीत होती आणि मिजासही. जर्मनीचा पार्ट असो नाहीतर जपानचा, समोर ठेवा, हुबेहूब करून देतो. आबा मापंसुद्धा कागदावर उतरवत नसत. सॅम्पल बाकावर, लाकूड शेजारी, नजर इकडून तिकडं आणि हात चालू. या सगळ्या धंद्याचा पाया एवढाच होता की दिलेलं सॅम्पल परत मिळतं.

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. आबा प्रत्येक सभेहून, मोर्चाहून, जयंतीच्या मिरवणुकीहून गुलाबी-पिवळ्या पातळ कागदाची पत्रकं खिशात घालून आणायचे आणि आई ती गादीखाली सपाट करून ठेवायची. मी अक्षरं त्यांच्यावर शिकले. मला अडखळल्याशिवाय वाचता आलेला पहिला शब्द 'बंधुभगिनींनो' हा होता. कॉलेजात गेल्यावर मी स्वतः पत्रकं लिहायला लागले. वसतिगृहातल्या पाण्याबद्दल, झाडूवाल्या बायकांच्या हजेरीबद्दल, फौंड्रीतल्या धुळीनं फुप्फुसं कशी दगडासारखी होतात त्याबद्दल. माझ्या पत्रकांत शंका नसायची. शंका हे भित्र्यांचं काम, असं मला वाटायचं.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडं कुरुंदवाडहून एक म्हातारे गृहस्थ शेडमध्ये आले. जैन, तंबाखूची पिढीजात वखार. गाव त्यांना अण्णा म्हणायचं, आम्हीही म्हणू लागलो. त्यांच्या वडिलांनी दुसऱ्या महायुद्धाच्या आधी घेतलेली इंग्लंडची एक मोटार वखारीत ताडपत्रीखाली उभी होती. तिचं हेड, म्हणजे इंजिनावर बसणारं जाड लोखंडी झाकण, दोन सिलिंडरांच्या मधे तडकलं होतं. मुंबई-पुण्यात विचारून झालं होतं, तसलं हेड कुणाकडं नव्हतं. अण्णांना गाडी विकायची नव्हती की प्रदर्शनात मांडायची नव्हती. डोळे आहेत तोवर स्वतः चालवायची होती, एवढंच. त्यांनी ते हेड पोत्यातून काढून बाकावर ठेवलं, आबांनी त्यावरून अंगठा फिरवला, खडूनं नंबर घातला, आणि सौदा झाला. पावती नाही, कागद नाही.

पॅटर्न सुरू करण्याआधी आबांना एका वेल्डिंगवाल्याचं मत हवं होतं, तडा जोडता येतोय का. दोन गल्ल्या सोडून तो बसायचा. मला कॉलेजला सुट्टी होती. आबांनी हेड पोत्यात घालून माझ्या सायकलच्या कॅरियरला बांधलं आणि नीट ने म्हणाले. हँडलला माझी पिशवी होती. पिशवीत धुळीवरची पत्रकं.

वाटेत एक फौंड्री लागते. पाळी सुटायची वेळ होती. एवढी माणसं एका जागी पुन्हा कधी मिळणार, असं वाटून मी थांबले. ओझ्यानं सायकल स्टँडवर उभी राहीना, म्हणून पोतं सोडून गेटच्या आतल्या बाजूला भिंतीला टेकवलं. तिथं भंगाराचा ढीग होता. मी पत्रकं वाटू लागले. मॅनेजर बाहेर आला, त्यानं हटकलं, मी हटले नाही. धूळ कुणाच्या छातीत जाते आणि नफा कुणाच्या खिशात, असं मी मोठ्यानं विचारलं. माणसं गोळा झाली. मी बोलत होते आणि चांगलं बोलत होते. अर्धा तास गेला असेल.

परत आले तेव्हा भिंतीशी पोतं होतं. रिकामं, नीट घडी घातलेलं.

त्या दिवशी भट्टी होती. छोट्या फौंड्रीत रोज लोखंड वितळवत नाहीत, आठवड्यातले ठरलेले दिवस असतात, आणि त्या दिवशी ढिगाजवळ जे लोखंड दिसेल ते घणानं फोडून भट्टीत जातं. विचारायची पद्धतच नाही. भट्टीवरचा माणूस आबांना ओळखणारा होता. मी ओरडत आत गेले तेव्हा तो डोक्याचं फडकं सोडून घाम पुसत होता.

"भट्टीच्या दिवशी भंगारापाशी लोखंड ठेवतंय व्हय गं कोण?" तो म्हणाला. रागानं नाही, खरंच नवल वाटून.

 माझ्या तोंडाकडं बघून त्यालाच कळलं की ते भंगार नव्हतं. तो आत जाऊन भोकातून लाल उजेडाकडं बघून आला. जणू काही दिसणार होतं.

आबा मला काही बोलले नाहीत. आईनं दोन दिवस बोलून घेतलं, त्यात पत्रकांचा उद्धार झाला. तिसऱ्या दिवशी आबांनी धुतलेला सदरा घातला आणि आम्ही दोघं एस.टी.नं कुरुंदवाडला गेलो. अण्णांच्या ओसरीवर आबांनी एका दमात सगळं सांगितलं, माझं नाव न घेता, जणू पोतं त्यांनीच ठेवलं होतं. मी मधेच तोंड घातलं, मीच ठेवलं म्हणाले, माफी मागितली.  अण्णांनी आत हाक मारून जेवणाचं सांगितलं, कारण त्यांच्याकडं दिवस मावळल्यावर जेवत नाहीत आणि ऊन कलायला लागलं होतं. आमची ताटं त्यांच्याच पंगतीत मांडली होती. अशा वेळी मी सवयीनं बघते की आमचे पेले कुठल्या बाजूला विसळले जातात. त्या दिवशी बघायचंही धाडस झालं नाही.

निघताना आबा अण्णांना म्हणाले, "तुमचं हेड बसवल्याबिगर माझ्या फळीवर दुसरं सॅम्पल चढणार न्हाय."

अण्णांनी त्यांना अडवायचा प्रयत्न केला. पण आबा बोलून बसले होते, आणि त्यांचं बोलणं म्हणजे खडूचा नंबर नव्हे, पुसता येत नाही.

फळीवर आधीची अकरा सॅम्पलं होती. ती पुरी करून देऊ, असं आबांच्या मनात होतं. पण उद्यमनगरात बातमी भट्टीच्या धुरापेक्षा लवकर पसरते. एकेक गिऱ्हाईक येऊ लागलं. कुणी वाईट बोललं नाही. चहा पिऊन, पोराबाळांची चौकशी करून, जाता जाता म्हणायचे की जरा ते सॅम्पल घरी नेऊन बघतो, मग आणतो. आबा स्वतः उठून फळीवरून काढून द्यायचे. महिन्याभरात फळी मोकळी झाली. धुळीत फक्त अकरा वस्तूंच्या आकारांचे स्वच्छ ठसे राहिले. आबांनी शेडला कुलूप लावलं आणि दुसऱ्याच्या शेडमध्ये पॅटर्न घासायला जाऊ लागले. चाळीस वर्षं घडवणारा माणूस पॉलिशपेपर घेऊन बसला. हे मी केलं होतं.

सॅम्पल गेलं, आता उरलं ड्रॉइंग. ज्या कारखान्यात ती गाडी झाली तिथं कधीतरी कुणीतरी त्या हेडची एकेक रेघ ओढली असणार. ते मिळालं तर आबा हेड करू शकत होते. मी वाचनालयात बसून मोटारींच्या जुन्या मासिकांतून पत्ते काढले आणि इंग्लंडला पत्रं लिहायला लागले. निळी आंतरदेशीयासारखी हवाई पत्रं, डिक्शनरी मांडीवर. कारखाना कधीच बंद पडला होता. ज्यांनी तो विकत घेतला त्यांनी कळवलं की जुने कागद ठेवलेले नाहीत. असं करत वर्ष गेलं. मग त्या गाड्यांच्या मालकांच्या तिकडच्या एका संघटनेचं उत्तर आलं. ड्रॉइंगं आहेत. त्यांच्या कपाटात आहेत. पण ती फक्त सभासदांना, आणि त्यांनी मान्य केलेल्या वर्कशॉपलाच मिळतात.

आज ते पत्र वाचते तेव्हा त्यात दार बंद केलेलं दिसत नाही. शेवटी लिहिलंय की वर्कशॉपची माहिती पाठवा, विचार करू. पण तेव्हा मी विशीत होते आणि मला फक्त कपाट दिसलं. मी चार पानं लिहिली. ज्या हातांनी ही रेघ ओढली ते मजुरी घेणारे हात होते, तुमच्या हाती किल्ली कुणी दिली, असं विचारलं. तुमच्या मान्यतेवाचून आमच्या माणसांनी दोन पिढ्या लोखंड ओतलंय, असं सुनावलं. त्या पत्राचा मला इतका अभिमान वाटला की मी त्याची नक्कल ठेवली. उत्तर आलं नाही. मग तीन सौम्य पत्रं पाठवली. त्यांचंही आलं नाही.

आबांनी एकदा विचारलं, काय लिहिलंवतंस. मी नक्कल काढून मराठीत सांगितली. ते कानस पुसत ऐकत होते.

"मागाय गेलतीस का भांडाय?"

"हक्कानं मागितलं, आबा."

"हक्क हाय की," ते म्हणाले. "हेड न्हाय."

मी दर दोन-तीन महिन्यांनी कुरुंदवाडला जाऊन काय घडलं ते अण्णांना सांगत असे. सांगायला काही नसलं तरी जायची. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, आणि ते मला आवाजावरून ओळखायला लागले होते. अशाच एका खेपेला मी इंग्लंडचं रडगाणं गात होते तेव्हा ते सहज म्हणाले की तसं बघितलं तर ते हेड इंग्लंडचं नव्हतंच. लढाईच्या काळात बोटीनं पार्ट येणं बंद झालं होतं. तेव्हा पहिलं हेड फुटलं, आणि त्यांच्या वडिलांनी कोल्हापुरातल्या मोटार एजंटाच्या गॅरेजमधून दुसरं करवून घेतलं. तिथल्या फोरमननं कंपनीकडून ड्रॉइंगं मागवली होती. हेड इथंच ओतलेलं.

दोन वर्षं. दोन वर्षं मी समुद्रापलीकडं टाहो फोडत होते. मी जवळजवळ किंचाळले, हे आधी का नाही सांगितलं.

"तुम्ही इचारलं न्हाय की अक्का," अण्णा म्हणाले. "तुम्ही नुसती माफी मागत हुता."

त्या फोरमनचं घर कोल्हापुरातल्याच राजारामपुरीत निघालं. फोरमन वारले होते. खाली मुलाचा गणिताचा क्लास, वर त्यांची बायको, ऐंशीच्या घरातली. मी जिना चढून गेले तेव्हा खालून पोरांचा सूत्रं म्हणण्याचा आवाज येत होता आणि काकू कानात कापूस घालून वाती वळत होत्या. कापूस काढून त्यांनी माझं म्हणणं ऐकून घेतलं. ड्रॉइंगं म्हटल्यावर हसायलाच लागल्या.

"भेंडोळीच्या भेंडोळी होती. पलंगाखाली, माळ्यावर, कोनाड्यात. लग्नात मला ह्यांनी दागिना घातला नाही, ड्रॉइंगं घातली."

मी विचारलं, कुठं आहेत.

त्या म्हणाल्या, "धुतली."

मला कळेना. मग त्यांनी समजावून सांगितलं. त्या काळी चांगली ड्रॉइंगं कागदावर नसायची, कापडावर असायची. तलम सुती कापड, खळ देऊन काचेसारखं कडक आणि आरपार दिसेल असं केलेलं. त्यावर शाईनं रेघा. लढाईनंतर कापडाची टंचाई होती, रेशनवर मिळायचं. गॅरेज बंद झालं तेव्हा फोरमन ती सगळी घरी घेऊन आले. काकूंनी एक भेंडोळं गरम पाण्यात भिजत घातलं. खळ निघून गेली, शाई निघाली, आणि हातात असं मऊ सूत आलं की तसलं बाजारात बघायलाही मिळत नव्हतं. काकूंनी त्याची झबली शिवली. स्वतःच्या मुलांना, भावजयींच्या मुलांना. पेठ वडगावला दिलेल्या नणंदेकडं गठ्ठाच पाठवला, तिनं तिथल्या बाळंतिणींना वाटला.

"ते काही बोलले नाहीत?" मी विचारलं.

"एकदाच बोलले. थोरल्याच्या पाठीवर गिअरबॉक्स दिसतोय म्हणाले."

त्या हसल्या, मी हसू शकले नाही. माझ्यासारखीच आणखी एक बाई माझ्यासमोर बसली होती, जिनं दुसऱ्याची विद्या भट्टीत घातली. फरक एवढाच की तिच्या भट्टीतून मऊ कपडे निघाले. तिला मी काय सुनावणार होते? सुनावायला तोंड उघडलंही असेल, पण आबांचं 'हेड न्हाय' कानात होतं. मी एवढंच विचारलं, एखादं धुवायचं राहिलंय का.

कापडी एकही नव्हतं. पण निळ्या कागदाचं एक भेंडोळं होतं. त्याचा रंग पाण्यात सुटायचा, म्हणून काकू त्याच्या नादी लागल्या नव्हत्या. माळ्यावर ट्रंकेच्या तळाशी अंथरलेलं होतं. आम्ही दोघींनी ट्रंक रिकामी केली. निळ्यावर पांढऱ्या रेघा, कडा वाळवीनं खाल्लेल्या. सातवा कागद हेडचा होता.

तो फोरमननं स्वतः काढलेला होता, कंपनीच्या कापडी ड्रॉइंगवरून, इथल्या पॅटर्नवाल्यासाठी. मापं, बोल्टांची भोकं, जाडी, सगळं मराठीत, मोत्यासारख्या अक्षरात. खाली लिहिलेलं, पान एक. पान दोनवर हेडच्या आतल्या पाण्याच्या वाटा असणार होत्या, गरम इंजिन थंड ठेवणाऱ्या. ते त्या भेंडोळ्यात नव्हतं. काकूंना आठवत होतं त्याप्रमाणं ते दुसरं पान फोरमननं फक्त कापडावर काढलं होतं.

अर्धं तर अर्धं. काकूंनी तो कागद मला देऊन टाकला, नक्कल वगैरे काही नको म्हणाल्या. मी तो छातीशी धरून चालत घरी आले, सायकलवर ठेवायची हिंमत नव्हती.

आबांनी शेडचं कुलूप काढलं. कागद भिंतीला लावून ते तासभर नुसते वाचत राहिले. ड्रॉइंगवरून त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा काम केलं ते हे. एका कोपऱ्यात बारीक ओळ होती, ती त्यांनी बोट ठेवून मोठ्यानं वाचून दाखवली: 'मापे आकस धरून दिली आहेत.'

लोखंड थंड होताना आकसतं. फुटामागं साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. म्हणून पॅटर्न तेवढा मोठा करावा लागतो. दर वेळी हिशेब नको म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टीच वेगळी असते, तिच्यावरचा फूट खऱ्या फुटाहून एक सूत लांब. फोरमननं ती वाढ आधीच मापांत घातली होती. म्हणजे इथं साधी पट्टी वापरायची. आबांना हे माझ्याहून हजारपट चांगलं कळत होतं. त्यांनी मला समजावूनही सांगितलं. आतल्या वाटा ते अनुभवानं अंदाजानं बसवणार होते. तीन आठवडे ते रोज घासायच्या कामावरून परतल्यावर शेडमध्ये बसायचे. पॅटर्न झाला, भट्टीचा दिवस बघून हेड ओतलं, आम्ही दोघं तिथून हललो नाही. लेथवर तासून भोकं पाडून ते कुरुंदवाडला नेलं.

बसेना. पहिले दोन बोल्ट उतरले, तिसरा चिकटला, शेवटचे दोन भोकाच्या बाहेर. दीड फुटाच्या हेडला दीड सूत जास्त.

आबांनी वाकून बघितलं आणि त्यांच्या ध्यानात आलं. मापं घेताना त्यांच्या हातात लांब पट्टी आली होती. चाळीस वर्षं बाकावर तीच पडलेली, हात आपोआप तिकडंच जायचा. ओळ तोंडानं वाचली होती, हातानं वाचली नव्हती. आकस दोनदा धरला गेला. शिकाऊ माणसाकडून ही चूक झालीच नसती, त्यानं भीतभीत साधी पट्टी उचलली असती.

ते मडगार्डला टेकून खालीच बसले. मी पाणी आणलं. ते पिऊन झाल्यावर म्हणाले, "तू हेड वितळवलंस, मी वाढवलं. फिटलं दोघांचं."

त्या भट्टीच्या दिवसानंतर आबा पहिल्यांदा माझ्याशी असं बोलले. मी रडले. त्यांनी मला रडू दिलं, मग म्हणाले की आता उठ, एस.टी. साडेपाचची हाय.

दुसरं हेड बरोबर बसलं. इंजिन चालू झालं तेव्हा वखारीतल्या तंबाखूवर धूर पसरला आणि अण्णांच्या घरातली सगळी माणसं खोकत खोकत बाहेर आली. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढून झाला होता, त्या डोळ्यावर अण्णांनी स्टिअरिंग धरलं. आबा शेजारी, मी मागं. नदीच्या रस्त्याला लागून दोन-तीन किलोमीटर गेलो असू, आणि पुढून वाफ यायला लागली. पाणी उकळत होतं. थांबलो, निवू दिलं, निघालो, पुन्हा तेच. आबांच्या अंदाजातल्या पाण्याच्या वाटा कुठंतरी अडत होत्या. त्यांनी पुढच्या दोन वर्षांत आणखी दोन हेडं केली. एक जरा बरं होतं, एक त्याहून वाईट.

अण्णांनी एव्हाना मनानं हेड स्वीकारलंय. नातू गाडी चालवतो, ते शेजारी बसतात, मागं पाण्याची कळशी, गावाच्या टोकापर्यंत जाऊन येतात. झालं की काम, म्हणतात. आबांना ते झालेलं वाटत नाही. सॅम्पल जसं घेतलं तसं परत जायला हवं, नाहीतर ते परत गेलंच नाही. त्यांची फळी अजून मोकळी आहे. आता ते पासष्टीचे आहेत, उद्यमनगरात कॉम्प्युटरवर चालणारी मशिनं पॅटर्न कापू लागलीत, आणि आबा अजून दुसऱ्याच्या शेडमध्ये घासायला जातात. मी शेड भाड्यानं द्या म्हणाले तेव्हा त्यांनी किल्ली उचलून सदऱ्याच्या खिशात घातली.

गेल्या वर्षी मी पुन्हा पत्रक काढलं. दहा वर्षांत पहिलंच असं, ज्यात मी कुणाला जाब विचारला नाही. थोरल्याच्या पाठीवर गिअरबॉक्स दिसला होता, तर एखाद्या झबल्यावर पाण्याच्या वाटाही उरल्या असतील, म्हणून तसली जुनी झबली दाखवा, एवढंच त्यात होतं. पेठ वडगावच्या आठवडी बाजारात ते वाटत उभी राहिले. कुणाला ते निवडणुकीचं वाटलं, कुणाला मुतखड्याच्या औषधाचं. एका मिरच्यावाल्यानं ते उलटसुलट करून विचारलं, "अक्का, चिन्ह कंचं?" झबलं, मी म्हणाले. तो म्हणाला बरं हाय, घरोघरी जाईल.

उन्हं उतरताना एक बाई आल्या. काकूंच्या नणंदेच्या शेजारी त्यांचं माहेर. पदराखालून त्यांनी एक झबलं काढलं, त्यांच्या थोरल्या भावाचं, आईनं जपून ठेवलेलं. पांढरंशुभ्र, काही दिसेना. मी ते घेऊन सूर्यासमोर धरलं. आणि रेघा दिसल्या. शाई गेली होती, पण टोकदार लेखणीनं सूत जिथं दाबलं होतं तिथं ते अजून वेगळं दिसत होतं. काखेपासून गळ्यापर्यंत एक गोल, त्यात दुसरा गोल, आणि मापाचे बाण. पुढच्या दिव्याभोवतीची कडी होती ती, त्याच गाडीची. हेड नव्हतं. पण पाण्यानं सगळं जात नाही, एवढं कळलं. आबांनी ते झबलं बघितलं आणि पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, अजून किती वाटली असतील.

म्हणून हे लिहिते आहे. तुमचं घर कोल्हापुरात असो, पेठ वडगावला असो, नाहीतर तिथून कुणी सून म्हणून तुमच्याकडं आलेली असो, पेटीच्या तळाशी असेल ते जुनं तलम पांढरं झबलं, टोपडं, दुपट्याचा तुकडा आज बाहेर काढा. धुऊ नका. दिवसा खिडकीशी जा आणि उजेडासमोर धरा. त्यावर लांबट चौकोन दिसला, आत वळणावळणाच्या वाटा दिसल्या, खाली 'पान दोन' असं लिहिलेलं दिसलं, तर त्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं त्या रेघा गिरवून घ्या. कापड तुमचंच राहू द्या. फक्त तो कागद उद्यमनगरात कुठल्याही पॅटर्नवाल्याकडं द्या, आणि सांगा की हे त्या मोकळ्या फळीवाल्यासाठी आहे. त्यांना पत्ता विचारावा लागणार नाही.